चौदा मिलिमीटर

सोमवारी टोचलं, बुधवारी या म्हटलं होतं.
बुधवारी जिनिंगला गाड्यांची रांग, म्हणून गुरुवारी आला
सुपडू रूपा कोळी, वय एकोणसाठ,
भुवयांवर रुई तशीच.
बाही सरकवायच्या आधीच म्हणाला,
हाऊ रुईना खोकला शे, ताई. दुसरं काई नई.

निळ्या पेनानं काढलेलं माझं वर्तुळ
घामानं अर्धं पुसलेलं,
आत एक उंचवटा.
लाली मोजायची नसते, ती फसवते.
मी डोळे मिटून बोट फिरवते,
कातडी कडक लागते तिथे थांबते,
मग दुसऱ्या बाजूनं परत येते.

बोटाखाली काय चाललंय ते मला दिसत नाही.
वाचलंय फक्त, डिप्लोमाच्या वर्षी, पारोळ्याच्या स्टँडवर,
धुळ्याची गाडी येईपर्यंत.
एका पेशीनं मी टोचलेलं गिळलं, कातरलं,
आणि एक तुकडा अंगणात बाज टाकून वर ठेवला.
खरंच बाज. खाली आठ पट्ट्यांची वीण,
दोन कडांना पीळ दिलेले दोन दांडे.
तुकडा लांब, उशा-पायथ्याला लोंबणारा,
मधले नऊ मणी तेवढे खोबणीत.
नवातले चार तोंड खाली करून रुतलेले,
पाच आभाळाकडे.

मग दुसरी येते.
पुस्तकात कुलूप-किल्ली लिहिलंय. मला नाही पटत.
किल्ली वाकत नाही, ही वाकते.
सहा बोटं घेऊन तिरकी टेकते,
मधली दोन मण्यांवर,
बाकीची चार बाजेच्या दांड्यांवर.
म्हणजे परका कळतो तो
घरच्या बाजेवर बसल्यावरच.
रस्त्यात तोच भेटला तर ही ओळखसुद्धा देणार नाही.

चार-पाच श्वासांचा वेळ.
चुकीचा असेल तर बोटं सुटतात.
बरोबर असेल तर, आणि हे मला फार आवडलं होतं,
ओढलं की अजून घट्ट बसतात,
ओल्या सुंभाच्या गाठीसारखी.
मग आत निरोप जातो,
माणसं गोळा होतात, हात सुजतो.

सुपडू नाव कोणी ठेवलं?
विचारायचं नव्हतं. पट्टी सापडत नव्हती म्हणून विचारलं.
मन्ही मायनी. पहिला तीन गयात,
म्हनीसन माले सूपमा टाकं, उकिरडावर ठेवं,
आत्यानी पसाभर दादर दीसन इकत लिधं.
मरनले वाटाले पाहिजे, हाऊ यासना नई.

सूप.
छातीच्या हाडामागेही एक असतं,
लहानपणी भरलेलं, म्हातारपणी नुसती चरबी.
तिथे कोवळ्या पेशी पाखडतात.
घरच्या बाजेवर जिला बोटच टेकता येत नाही, ती गेली.
घरच्याच मण्यांना जी कवटाळून बसते, तीही गेली.
शंभरातल्या तीन-चार उरतात,
घरच्यांना हलकं शिवून पुढे जाणाऱ्या.

चौदा मिलिमीटर. कार्डावर लिहिलं.
थुंकीचे नमुने, छातीचा फोटो सांगितला.
चौदा म्हणजे आजारच असं नाही, हेही सांगितलं.
तो हाताकडे बघत राहिला.
म्हंजे याले याद शे? कवयनं?

कधीचं, ते हात सांगत नाही.
कालचं असेल. पन्नास वर्षांपूर्वीचंही असेल,
त्या तिघांच्या खोकल्याचं,
त्याच खोलीत, त्याच गोधडीत उरलेलं.
मरण फसलं असेल सुपाला. पाहुणा फसला नसेल.
तो आत आला असेल, बसला असेल,
आणि कोणीतरी तिरकी सहा बोटं टेकवून
त्याला धरून ठेवलं असेल इतकी वर्षं.
हे मी बोलले नाही.
खाजवू नका, एवढंच म्हटलं.

दारापर्यंत जाऊन तो परत आला.
ताई, तो गोल परत काढ ना,
घर दखाडनं शे.
मी काढला, या वेळी उंचवट्याला अगदी लागून.
पेन कडेवर दोनदा अडलं.